गाडीच्या किमतीत इम्पोर्ट ड्युटी कुठे लपलेली असते? शोरूमला जायच्या आधी हे वाचा (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी खास)

आखाजीच्या आधी जा नाहीतर दसऱ्याला जा, हायवेवरच्या कुठल्याही शोरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "भाऊ, आत्ताच बुक करून टाका, ड्युटी वाढतेय, पुढच्या महिन्यात रेट वाढणारच." गंमत म्हणजे हेच वाक्य आठ लाखाच्या हॅचबॅकलाही वापरतात आणि साठ लाखाच्या परदेशी गाडीलाही, जसं काही दोघांवर सारखीच ड्युटी आहे. मी गाडी घेतली तेव्हा कोटेशनच्या कागदावर बरंच डोकं खपवलं, मग नातेवाईकांची न मित्रांची कोटेशनं पण व्हॉट्सॲपवर माझ्याकडेच येऊ लागली, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी काही सीए नाही, पण टक्केवारी काढता येते आणि यात त्यापेक्षा जास्त काही लागतही नाही.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की तुमच्या कोटेशनवर इम्पोर्ट ड्युटी (बाहेरून आलेल्या मालावरचा आयात कर) नावाची ओळच नसते. जीएसटी दिसतो, रोड टॅक्स दिसतो, इन्शुरन्स दिसतो, पण ड्युटी कंपनीने बंदरावर कधीच भरून टाकलेली असते आणि ती एक्स-शोरूम किमतीच्या (रोड टॅक्स, इन्शुरन्स धरायच्या आधीच्या किमतीच्या) पोटात गेलेली असते. म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवता येतं.

हाताशी काय ठेवायचं

- प्रत्येक रकमेची वेगळी ओळ असलेलं कोटेशन (नुसता ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून एकच आकडा चालणार नाही)
- त्याच मॉडेलचं दुसऱ्या गावच्या डीलरचं कोटेशन, जळगावचं असेल तर धुळ्याचं किंवा नाशिकचं
- बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरातली अटींची बाजू, मोबाईलवर फोटो काढून
- पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, हे तर लागतंच
- कॅल्क्युलेटर

## १. गाडी कुठल्या गटातली आहे ते विचारा

सेल्समनला सरळ विचारायचं, ही गाडी सीबीयू आहे, सीकेडी आहे का लोकल? तो अडखळला तर सेल्स मॅनेजरला बोलवा, त्याला माहिती असतं.

सीबीयू म्हणजे पूर्ण तयार गाडी जहाजातून उतरलेली. हिच्यावर सगळ्यात जास्त ड्युटी. गाडीची किंमत अधिक जहाजभाडं अधिक विमा असं मिळून ४०,००० डॉलरच्या आत असेल तर ७० टक्के. त्याच्या वर गेली, किंवा इंजिन पेट्रोलचं ३००० सीसीच्या वर, डिझेलचं २५०० सीसीच्या वर असलं, की मिळून ११० टक्के. २०२५ च्या बजेटनंतर "लक्झरी गाड्यांची ड्युटी ७० टक्क्यांवर" अशा हेडलाईन आल्या होत्या आणि लोकं खूश झाली, पण त्याच बजेटमध्ये वरून ४० टक्के कृषी सेस (शेतीच्या नावाचा जादा कर) लावला, म्हणजे बेरीज पुन्हा ११०च. हेडलाईन वाचून गाडीचं स्वप्न बघायचं नाही एवढाच बोध.

सीकेडी म्हणजे सुटे भाग किटमध्ये येतात आणि इथे जोडले जातात. यावर १५ टक्के, त्यावर अधिभार धरून साडेसोळा. पण इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडून आणला (गाडीवर बसवलेला नाही, नुसता जोडलेला) तर ३५ टक्के. मोठ्या जर्मन कंपन्या चाकणला, चेन्नईला, संभाजीनगरला कारखाने टाकून बसल्यात त्याचं एक मोठं कारण हा ११० आणि १५ मधला फरकच आहे.

लोकल म्हणजे बहुतेक सगळं इथलंच. आपल्या रस्त्यावर ज्या गाड्या दिसतात त्यातल्या जवळपास सगळ्या याच गटातल्या. यातही चिप, सेन्सर, बॅटरीचे सेल, मोटारीतले मॅग्नेट असं काही ना काही बाहेरचं असतं, पण गाडीच्या एकूण किमतीत त्याचा वाटा लहान.

आता सापळा. "मेड इन इंडिया आहे सर" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, किट आणून इथे जोडलेली गाडीही त्याच नावाने विकली जाते. किट का सुटे पार्ट्स हा वाद तर कंपन्या आणि सरकार यांच्यातही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टमने स्कोडा-फोक्सवॅगनला १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली, म्हणणं असं की जवळपास अख्खी गाडी वेगवेगळ्या खेपांत सुटे पार्ट्स म्हणून आणली आणि ५ ते १५ टक्के ड्युटी भरली, लागायला हवी होती ३० ते ३५. कंपनीने आरोप नाकारले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. एवढे मोठे वकील जिथे भांडतायत तिथे आपण शोरूममध्ये प्रश्न विचारायला लाजायचं काय कारण?

## २. चेसिस नंबरचं पहिलं अक्षर बघा

प्रत्येक गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन असतो, आपण ज्याला चेसिस नंबर म्हणतो तोच. पहिलं अक्षर साधारण देश सांगतं. एम म्हणजे बहुतेक भारत, जे जपान, डब्ल्यू जर्मनी, एस ब्रिटन, के कोरिया, एल चीन. पक्का पुरावा नाही हा, कारण इथे जोडलेल्या काही गाड्यांना मूळ कंपनीच्या देशाचं अक्षर राहतं, पण सेल्समन म्हणतोय "पूर्ण इम्पोर्टेड" आणि नंबर एम पासून सुरू होतोय, तर पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळाली ना.

## ३. स्वतः गणित मांडा

हा भाग सावकाश वाचा, सगळी मजा इथेच आहे.

समजा एक पेट्रोल एसयूव्ही सीबीयू म्हणून येते, बंदरावर किंमत ३०,००० डॉलर, डॉलर ९० रुपये धरू.

- बंदरावरची किंमत: २७ लाख
- ७० टक्के ड्युटी: १८ लाख ९० हजार, झाले ४५ लाख ९० हजार
- त्यावर ४० टक्के जीएसटी: १८ लाख ३६ हजार, झाले ६४ लाख २६ हजार

यात कंपनीचा न डीलरचा नफा अजून धरलेलाच नाही. रोड टॅक्स १३ टक्के धरला तरी अजून ८ लाख ३५ हजार, आणि इम्पोर्टेड गाडीला आपल्या राज्यात दर त्याहून चढा आहे. नीट बघा काय झालं, जीएसटी नुसत्या गाडीवर नाही लागला, ड्युटी मिळवून जी रक्कम झाली तिच्यावर लागला, आणि रोड टॅक्स या दोन्हीवर. टॅक्सवर टॅक्स, त्यावर परत टॅक्स. आता तीच गाडी किट म्हणून आणली तर साडेसोळा टक्क्यांनी २७ लाखांचे ३१ लाख ४५ हजार होतात, जीएसटी धरून ४४ लाखांच्या आसपास. इथे जोडायचा खर्च येईल, पण तरी फरक वीस लाखांच्या घरात आहे.

खरं उदाहरण हवं असेल तर टेस्ला घ्या. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, मॉडेल वाय ५९ लाख ८९ हजारांपासून. तेव्हा अमेरिकेत तीच गाडी ४४,९९० डॉलरपासून होती, म्हणजे साधारण ३८-३९ लाख. आणि ही इलेक्ट्रिक आहे बरं का, जीएसटी फक्त ५ टक्के, पेट्रोलची असती तर कुठे गेली असती बघा.

आता आपल्या कामाचं. आठ लाखाची हॅचबॅक. समजा तिच्यात ५० हजाराचे पार्ट्स बाहेरून येतात आणि सरकारने त्या पार्ट्सवरची ड्युटी ५ टक्क्यांनी वाढवली. ५० हजाराचे ५ टक्के अडीच हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २,९५०. बस. तिथे कोणी "ड्युटीमुळे वीस हजार वाढले" म्हणत असेल तर राहिलेले सतरा हजार कशाचे ते विचारा. स्टील महागलं असेल, नवीन फीचर टाकलं असेल, कंपनीने जानेवारीची नेहमीची वाढ केली असेल, कारणं खरी असू शकतात. पण मग ती सांगा ना, ड्युटीचं नाव का घेता?

## ४. रुपया पण बघा

याकडे कोणी लक्षच देत नाही. ड्युटी टक्क्यात असते, म्हणजे रुपया घसरला की ड्युटीचा दर तोच राहून रक्कम आपोआप वाढते. वरच्याच गाडीला डॉलर ८५ वरून ९० झाला (डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने ९० चा आकडा ओलांडलाच होता) तर बंदरावर किंमत दीड लाखाने वाढली, ड्युटीसकट २ लाख ५५ हजाराने, आणि जीएसटीसकट ३ लाख ५७ हजाराने. सरकारने एक कागद हलवला नाही आणि गाडी साडेतीन लाखाने महाग. लोकल गाडीला हा झटका फार सौम्य बसतो.

## ५. ड्युटी कमी झाली तरी गाडी लगेच स्वस्त का होत नाही

हे आपल्या जळगाववाल्यांना सोन्यावरून पटकन कळतं. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्याची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली आणि सराफ बाजारात भाव त्याच दिवशी हजारांनी उतरला. कारण सोनं सगळीकडे सारखंच, भाव रोज जाहीर होतो, एका सराफाने जुना भाव लावला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार.

गाडीचं तसं नसतं. आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवर जुन्या दराने ड्युटी भरलेली असते, कंपनीने पार्ट्सचे सौदे महिनोन्‌महिने आधी केलेले असतात, आणि किंमत ठरवते एकटी कंपनी. त्यामुळे वाढ झाली की पत्रक पुढच्या महिन्यात हजर, आणि घट झाली की "स्टॉक संपू द्या". मला विचाराल तर ड्युटी कमी होण्याची वाट बघत साध्या गाडीची खरेदी थांबवण्यात अर्थ नाही. सीबीयू घेणार असाल तर थांबण्यात अर्थ असू शकतो.

जीएसटी मात्र वेगळा, तो बिलावर दिसतो म्हणून लपवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत, लांबी ४ मीटरच्या आत) २८ टक्के अधिक सेसवरून सरळ १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्या गाड्यांना ४० टक्के पण सेस गेला, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. त्या वेळी किमती त्याच दिवशी उतरल्या. म्हणून कोणी म्हणालं की टॅक्स कमी झाला, तर पहिला प्रश्न हा की कुठला टॅक्स, बंदरावरचा का बिलावरचा.

## ६. बातमीतला टॅरिफ कोणाचा ते आधी बघा

टॅरिफ म्हणजे आयात ड्युटीच. "ट्रम्पने टॅरिफ लावला, गाड्या महागणार" असे मेसेज गावोगावी फिरले. अमेरिकेने ३ एप्रिल २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के लावले आणि ३ मेपासून पार्ट्सवर. पण तो टॅक्स अमेरिकेतला आयात करणारा भरतो आणि शेवटी खिसा जातो तिथल्या गिऱ्हाइकाचा, जळगावच्या शोरूममधली गाडी त्याने थेट एक रुपयाने पण महाग होत नाही. आपल्याकडे त्याचा फटका दुसऱ्या दाराने येतो, अमेरिकेला पार्ट्स पाठवणाऱ्या कारखान्यांना. आपल्या खान्देशातली पोरं वाळूजला, चाकणला, नाशिकच्या अंबड-सातपूरला कामाला आहेत, तिथे ऑर्डर घटली तर आधी ओव्हरटाईम जातो, मग कंत्राटी पोरं घरी येतात. गाडी महाग होण्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते, पण मेसेजमध्ये तिचं नाव नसतं.

तसंच भारत-ब्रिटन व्यापार कराराचं. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि "ब्रिटिश गाड्या १० टक्के ड्युटीत" असं छापून आलं. ते १० टक्के टप्प्याटप्प्याने आहेत आणि ठराविक कोट्यापुरतेच, आणि फायदा मुख्यतः महागड्या गाड्यांना. दहा-बारा लाखाची गाडी बघणाऱ्याने त्या बातमीवर चहा थंड करू नये.

आणि ड्युटी म्हणजे नुसती लूट असंही नाही, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन आपला माल बाजारात यायच्या वेळेला. सूतगिरणीला बरं, आपल्याला वाईट. गाडीवरच्या ड्युटीलाही अशाच दोन बाजू आहेत, चाकणच्या कामगाराला ती भिंत हवी असते, गिऱ्हाइकाला नको असते. माझं मत विचाराल तर इतकी वर्षं इतकी उंच भिंत ठेवल्याने कंपन्या जरा सुस्तावल्या, परदेशात साध्या गाडीत मिळणाऱ्या सेफ्टीच्या गोष्टी आपल्याला फार उशिरा मिळाल्या.

## ७. बुकिंग करताना

बुकिंगची पावती म्हणजे किंमत पक्की असं नाही. अटींमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. तीन-चार महिने वेटिंग असेल तर मधली प्रत्येक वाढ तुमच्या बोकांडी. म्हणून बुकिंगच्या आधीच ईमेलवर किंवा डीलरच्या लेटरहेडवर लिहून मागा: किंमत किती दिवस पक्की, वाढली तर बुकिंग रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील का, आणि टॅक्स कमी झाला तर फायदा मला मिळेल का. तोंडी "होऊन जाईल भाऊ" ला काही किंमत नाही.

कोटेशनमधल्या "हँडलिंग", "डेपो", "लॉजिस्टिक्स" असल्या ओळींवर बोट ठेवा. त्या ना आरटीओच्या आहेत ना कस्टमच्या. कोणी "इम्पोर्ट क्लिअरन्स चार्ज" लावला तर सरळ पेन घ्या आणि खोडून द्या, बंदरावरचा सगळा खर्च एक्स-शोरूममध्ये आलेला असतो. दुसऱ्या डीलरचं कोटेशन इथेच कामाला येतं.

रोड टॅक्स आपल्या राज्यात पेट्रोलला १० लाखापर्यंत ११ टक्के, २० लाखापर्यंत १२, त्यावर १३, डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर वेगळा आणि जास्त, हे धंदेवाल्यांनी आधी विचारून घ्या.

## ८. गाडी घेतल्यावरची ड्युटी

गाडी एकदा घेता, पार्ट्स आयुष्यभर. इथे बनलेल्या गाडीतही हेडलाईट, कॅमेरा, रडार, एअरबॅगचं युनिट बाहेरचं असू शकतं, मग साधा पुढचा ठोकर लागला तरी बिल बघून घाम फुटतो आणि पार्ट यायला आठवडे जातात. म्हणून घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला (शोरूमला नाही) जाऊन चार भागांचे रेट विचारा: पुढचा बंपर, हेडलाईट, साईड मिरर, पुढची काच. आणि हे पार्ट जळगावात मिळतात का मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात ते पण.

इन्शुरन्समध्ये झिरो डेप (पार्ट्सचा घसारा न कापणारी पॉलिसी) घ्याच. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात, आणि काही महाग इम्पोर्टेड भाग नेमके त्याच यादीत असतात.

## ९. "दुबईहून आणून देतो"

नको. दुबईत गाड्यांचं स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं आणि तशी गाडी आपल्याकडे आयात करायला परवानगी नाही. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवं, आणि ड्युटी इतकी की स्वस्तात पडण्याचा प्रश्नच नाही. "कस्टमच्या लिलावातली आहे, कागद मागून येतील" असं कोणी म्हणालं की बिल ऑफ एंट्री मागा, म्हणजे ड्युटी भरल्याचा बंदरावरचा कागद. तो नसेल तर आरटीओत पासिंगच होणार नाही, मग एमएच १९ काय न एमएच १८ काय, गाडी अंगणात शोभेला.

## १०. डिलिव्हरीच्या दिवशी

नारळ फोडायच्या आधी दहा मिनिटं द्या. चेसिस नंबर गाडीवरचा, इन्व्हॉइसवरचा आणि इन्शुरन्सवरचा एकच आहे का बघा. फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) मागून घ्या, फॉर्म २० (आरटीओतल्या नोंदणीचा अर्ज) वर सही करताना रकाने भरलेले आहेत का ते वाचा. इन्व्हॉइसवरचा जीएसटीचा दर कॅल्क्युलेटरवर एकदा मारून बघा.

एक्स-शोरूम १० लाखाच्या वर असेल तर डीलरने १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने सरकारसाठी गोळा केलेला इन्कम टॅक्स) घेतलेला असेल, १२ लाखाच्या गाडीला १२ हजार, पूर्ण रकमेवर लागतो. हा टॅक्स तुमच्या नावावर जमा होतो, रिटर्न भरून वळता करता येतो किंवा परत मिळतो, पण त्यासाठी डीलरने तुमचा पॅन बरोबर टाकलेला पाहिजे. काही महिन्यांनी इन्कम टॅक्सच्या साईटवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडून ती रक्कम दिसते का बघा, नसेल दिसत तर इन्व्हॉइसची कॉपी घेऊन डीलरच्या अकाउंटवाल्याकडे जा, सेल्समनकडे जाऊन उपयोग नाही.